दुसरी वायर

हैदराबाद, ९ नोव्हेंबर २००८

ती. बाबा,

नमस्कार. पार्सल पोचलं असेल. त्यात एक राउटर आहे, एक लॅपटॉप आहे आणि आईसाठी साडी आहे. साडी आधी काढा, नाहीतर ती खोक्यावरच रुसून बसेल.

आता मुद्द्यावर येते, कारण तुम्हाला पाल्हाळ आवडत नाही, स्वतःचं सोडून. आमची टीम येत्या जानेवारीत गुडगावला चालली आहे, निदान तीन वर्षांसाठी. मी मॅडमना विचारलं, मी वडसाला राहून घरूनच काम केलं तर चालेल का? मला वाटलं त्या हसतील, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्या घरची इंटरनेटची लाइन टिकते का ते आधी पाहू. लॅपटॉप ऑफिसचा आहे. आईनं तो रोज सकाळी सुरू करायचा आणि संध्याकाळी बंद करायचा, एवढंच. बाकी तपासणी इथली यंत्रं आपोआप करतील. डिसेंबर संपायच्या आत सलग एक आठवडा लाइन टिकली तर मी घरी येईन, नाहीतर गुडगावला जाईन.

मला घरी यायचं आहे, बाबा. इथे येऊन सहा वर्षं झाली. मेसमधलं सांबार आता मला ओळखतं. मला आपल्या मागच्या खोलीत बसून काम करायचं आहे आणि काम संपलं की आईच्या हातचं जेवायचं आहे. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

तुम्ही विचाराल, टेलिफोनवाल्यांनी दिलेला राउटर घरात असताना हा दुसरा कशाला? तो समोरच्या खोलीत आहे. तुमच्या नाटक मंडळाचं बुकिंग ऑफिस, तिथला कॉम्प्युटर, येणारे-जाणारे कलाकार, सगळे त्याच्यावर चालतात, त्यामुळे त्याला हात लावायचा नाही. माझा राउटर मागच्या खोलीत ठेवायचा. आमच्या ऑफिसात शिरायची किल्ली मी त्यात भरून पाठवली आहे. जो कॉम्प्युटर माझ्या राउटरमधून जाईल त्यालाच ऑफिसचं दार उघडेल.

समोरच्या राउटरपासून माझ्या राउटरपर्यंत एकच वायर ओढा. माझ्या राउटरच्या पाठीला चार पिवळी भोकं आहेत आणि एक निळं. ती वायर निळ्यात लावा, आणि लॅपटॉपची आखूड वायर कुठल्याही पिवळ्यात. सोबत चित्र काढून दिलं आहे.

हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही फोनवर येत नाही. केव्हाही केला तरी आई म्हणते, अंघोळीला गेलेत. इतक्या अंघोळी कुंभमेळ्यातही कोणी करत नाही.

तुमची,
दिव्यानी

*

वडसा, १७ नोव्हेंबर २००८

चि. दिव्यानी,

आशीर्वाद. साडी आधी काढली. तुझ्या आईला रंग आवडला. तसं ती म्हणाली नाही. "एवढा खर्च काऊन केला," असं म्हणाली, म्हणजे आवडला.

राउटर बसवून झाला. वायर कुठे लावायची याचं चित्र तू मला पाठवतेस, हे कळल्यावर पत्रू दिवसभर हसत होता. माझ्या हाताखाली साउंडवर आहे म्हणून त्याला हसायची मुभा आहे, पण त्यालाही काही सुमार असावा. अठ्ठावीस वर्षं मी आपल्या इकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांना लाइट आणि साउंड देतो आहे. धानाच्या कापलेल्या बांध्यांतून, बाभळीच्या काट्यांतून, जिथे गावकरी म्हणतील तिथे वायर नेली. माझ्यामुळे कधी प्रयोग थांबला नाही. गावची लाइन गेली तर जनरेटरची दुसरी लाइन शेजारीच ओढून ठेवलेली असते. एका वायरवर विश्वास ठेवणारा माणूस दुसऱ्या अंकात शिव्या खातो. तेव्हा तुझ्या चित्रात मी थोडी सुधारणा केली आहे. आभार मानायची गरज नाही.

धान निघालं तशा गावोगावच्या मंडया सुरू झाल्या आहेत, आणि जत्रा म्हटली की रात्री नाटक आलंच. समोरच्या खोलीत सकाळपासून गावोगावचे लोक बुकिंगला येऊन बसतात. कोणाला रडवणारं नाटक पाहिजे, कोणाला हसवणारं, आणि सगळ्यांना एकाच तारखेला. सीझन जोरात जाणार असं दिसतं.

फक्त परवा आरमोरीकडच्या एका गावात माईकनं शिट्टी मारली आणि लोकांनी गोंधळ घातला. नवी नायिका माईकच्या तोंडात शिरून बोलते, त्याला मी काय करणार? सगळ्यांच्या देखत तिला चार शब्द सुनावले. तेव्हापासून तोंड फुगवून बसली आहे.

फोनचं म्हणशील तर तो समोरच्या खोलीत आहे आणि भोवती दहा माणसं असतात. बापलेकीचं बोलणं त्यांनी कशाला ऐकावं? पत्र बरं, माणसाला दोनदा वाचता येतं. तुझी खोली तुझ्या आईनं झाडून ठेवली आहे. खिडकीची कडी मी बदलली.

तुझा,
बाबा

*

हैदराबाद, २७ नोव्हेंबर २००८

ती. बाबा,

नमस्कार. खिडकीच्या कडीबद्दल वाचून बरं वाटलं. बाकी बातमी बरी नाही.

लॅपटॉप एक दिवस ऑफिसात शिरतो आणि दुसऱ्या दिवशी दारातच अडतो. लाइन मात्र चालू असते. इंटरनेट आहे पण आमचं दार उघडत नाही, असा प्रकार आहे. मॅडम म्हणाल्या, असं असेल तर कठीण आहे. ठरल्याप्रमाणे डिसेंबरअखेरपर्यंत थांबा, अशी मी त्यांना विनंती केली, पण त्यापुढे त्याही काही करू शकणार नाहीत.

राउटर काय करतो ते सांगते. घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला तो त्याची जागा देतो, यजमान पंगतीत पाट दाखवतो तसा. समोरच्या पंगतीचा यजमान टेलिफोनवाल्यांचा राउटर, मागच्या पंगतीचा माझा. दोन्ही यजमान एकाच पंगतीत शिरून लोकांना बसवायला लागले तर कोण कुठे बसेल याचा भरवसा राहत नाही. मला शंका आहे की आपल्याकडे तेच होतं आहे.

लॅपटॉपच्या पडद्यावर त्याच्या जागेचे आकडे कसे पाहायचे ते मी आईला फोनवर समजावलं आहे. त्यातला तिसरा आकडा पाच असेल तर लॅपटॉपला माझ्या राउटरनं बसवलं, आणि एक असेल तर समोरच्यानं. एक येताच कामा नये. वायर एकच असेल आणि ती निळ्या भोकात असेल तर एक येऊच शकत नाही. आकडे मला कळवा.

आणि ती सुधारणा म्हणजे नक्की काय केलीत? दुसरी एखादी वायर समोरच्या राउटरमधून माझ्या पिवळ्या भोकात आली आहे का? असेल तर ती काढा, दुसरं काही करायला नको.

तुमची,
दिव्यानी

*

वडसा, ४ डिसेंबर २००८

चि. दिव्यानी,

आशीर्वाद. तुझ्या आईनं पाहिलेले आकडे असे: सोमवारी पाच, मंगळवारी एक, बुधवारी पुन्हा एक. आज लॅपटॉप सुरू केलाच नाही, कारण ती धान पाहायला शेतावर गेली आहे.

मला वाटतं आपल्या इकडच्या लाइनीचंच हे असं आहे. जंगलाचा मुलूख, कुठे फांदी पडते, कुठे काही. त्याच्याशी झगडत बसण्यात अर्थ नाही. मी विचार केला, गुडगावही काही वाईट नाही. मोठं शहर आहे, तुझ्या कामाचे लोक तिथे आहेत, थंडीत हवा चांगली असते म्हणतात. इथे घरात बसून काम करणाऱ्या मुलीला लोक रिकामीच समजतील. बारशाला बोलावतील, पापड लाटायला बोलावतील. तीन वर्षं पाहता पाहता निघून जातात.

लॅपटॉप नीट बांधून परत पाठवू का, ते कळव. ऑफिसची वस्तू आहे, उगाच इथे पडून राहायला नको.

माझी काळजी करू नकोस. सीझनमुळे मला मान वर करायला फुरसत नाही.

तुझा,
बाबा

*

वडसा, ७ डिसेंबर २००८

माझ्या दिव्यानीला,

तुझे बाबा आज कुरखेड्याकडे प्रयोगाला गेले आहेत, म्हणून मी लिहायला बसले. फोनवर बोलले असते, पण समोरच्या खोलीत बुकिंगची माणसं आहेत आणि हे बोलणं त्यांच्यासाठी नाही. माझा शाळेत कधी पहिला नंबर आला नव्हता, पण भांडण्याइतपत लिहिता येतं.

त्यांनी तुला गुडगावची हवा चांगली म्हणून लिहिलं ते मला माहीत आहे. लिहून झाल्यावर पाकीट चिकटवायला माझ्याकडेच भात मागितला. मी उघडून वाचलं आणि मग चिकटवलं.

तुझा अंदाज बरोबर आहे. वायरी दोन आहेत. भिंतीला एकाच पट्टीत बसवल्या आहेत, त्यामुळे पटकन दिसत नाहीत. एक निळ्या भोकात आहे आणि एक पिवळ्या. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून बाजारातून खास आणली. त्यात त्यांचं काही वाईट नव्हतं. मंडपात दोन लाइनी ठेवायची सवय, ती घरात आली.

पण पुढचं ऐक. तुझं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते उभ्यानंच वाचलं आणि मागच्या खोलीत गेले. राउटर उलटा केला, ती दुसरी वायर धरली. मला वाटलं आता काढतात. काढली नाही. होता तसा ठेवून दिला आणि खाटेवर बसले. मी विचारलं, "काऊन नाई काढली? पोरगी सांगून राह्यली न." एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मग समोर जाऊन बसले आणि विचारलं. तेव्हा म्हणाले, "पोरगी घरी आली का पहिल्याच दिवशी समजते तिले."

काय समजेल ते आता सांगते. तुझ्या बाबांना ऐकू येत नाही. एकदम गेलं नाही, दोन वर्षांपासून कमी होत गेलं. बारीक आवाज आधी गेले. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, फोनमधलं माणूस ऐकू येत नाही, म्हणून तुझा फोन आला की त्यांची अंघोळ निघते. मंडपात मिक्सरवरचे लाल-हिरवे दिवे पाहून हात चालवतात. माईकनं शिट्टी मारली की पत्रू मागून पाठीला बोट लावतो आणि ते आवाज खाली घेतात. त्या दिवशी आरमोरीकडे पत्रू चहा प्यायला गेला होता. बिचाऱ्या नायिकेचा काही दोष नव्हता.

मंडळाच्या मालकांना हे ठाऊक नाही. पत्रू आणि मी, दोघांनाच माहीत आहे. तू सणाला दोन दिवस येतेस तेवढं आम्ही निभावून नेतो. डॉक्टरचं नाव काढलं तर खाटेवरून उठून जातात. साउंड गेला तर मंडपात माझं काय काम, असं त्यांना वाटतं. आणि तू त्यांच्याकडे कीव येऊन पाहशील याची त्याहून जास्त भीती वाटते. तू लहान असताना तुझा घसा बसला तर समोरच्या खोलीतून ओळखायचे ते.

वायर मी काढू शकते, एका बोटाचं काम आहे. पण मी काढली तर ते माझ्याशी भांडतील आणि तुझ्याशी अबोला धरतील. ज्यानं लावली त्यानंच काढावी. तू लिही. गोड लिहू नकोस, गोड लिहिलेलं त्यांना औषधासारखं वाटतं.

तुझी,
आई

*

हैदराबाद, १२ डिसेंबर २००८

ती. बाबा,

नमस्कार. आईनं मला सगळं लिहिलं आहे. तिच्यावर चिडू नका. चिडलात तर ती तुमच्याशी बोलणं बंद करेल आणि तुम्हाला फरकही कळणार नाही.

मला राग आला आहे, तो तुमच्या कानांचा नाही. मला घरी यायचं आहे हे मी पहिल्याच पत्रात सरळ लिहिलं होतं. तुम्ही ती वायर हातात धरलीत, काय चुकलं ते तुम्हाला कळलं, तरी तशीच ठेवलीत, आणि वर मला गुडगावच्या थंडीचं कौतुक लिहून पाठवलंत. ते पत्र वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मला वाटलं, बाबांना मी घरात नको आहे. मग दोन दिवस मी खरंच गुडगावच्या खोल्यांची चौकशी करत होते.

आता नीट वाचा. मी तुमची सेवा करायला येत नाही. मी माझं काम करायला येते आहे. दिवसभर माझ्या खोलीचं दार बंद असेल आणि बारशाला बोलावायला आलेल्यांना परत पाठवायचं काम तुमचं. तुमच्या कानांसाठी डॉक्टरकडे जायचं की नाही हे आपण भांडून ठरवू. पत्रानं भांडायला मला फार वेळ लागतो.

मंडळाच्या मालकांना मी काही सांगणार नाही आणि आईही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. पत्रूच्या बोटावर किती दिवस प्रयोग काढणार? लाइट डोळ्यांनी करतात, बाबा. आणि तुमच्यासारखा लाइट झाडीपट्टीत कोण करतं ते मला नाव घेऊन सांगा. मला तर सुचत नाही. नायिकेलाही सांगा. तिला उगाच सगळ्यांच्या देखत बोलणी बसली.

राहिली वायर. दुसरी वायर जवळ ठेवण्यात काही चूक नाही. गुंडाळून खिळ्याला अडकवा, पहिली तुटली की लावा. पण दोन्ही लावून ठेवायच्या नाहीत. गावची लाइन चालू असताना तुम्ही जनरेटरची लाइन त्यात सोडता का? सोडत नाही ना? मग माझ्या राउटरनं काय गुन्हा केला आहे?

वायर तुम्ही काढा. आईला काढायला सांगू नका. आठवडाभर लाइन टिकायला हवी आहे, त्यामुळे जास्त दिवस हातात नाहीत. काढली नाहीत तर मी जानेवारीत गुडगावला जाईन. रागानं जाणार नाही, पण जाईन.

तुमची,
दिव्यानी

*

वडसा, २७ डिसेंबर २००८

चि. दिव्यानी,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याच दिवशी, जेवायला बसायच्या आधी, वायर काढली. गावची लाइन आणि जनरेटर, हे वाक्य मी दोनदा वाचलं. दोन्ही एकदम सोडणाऱ्या माणसाला मी स्वतः कामावरून काढलं असतं. ते मला सुचलं नाही आणि तुला सुचलं, म्हणून जेवताना जरा चिडचिडच झाली. तुझ्या आईनं मात्र हसत आणखी भात वाढला.

त्याच आठवड्यात चिमूरकडे प्रयोग होता. मंडप उभा राहत असताना मी मालकांना बाजूला बोलावलं आणि सांगितलं की मला आता ऐकू येत नाही, साउंड पत्रूला द्या. मी फार तयारी करून गेलो होतो. मालकांनी माझ्यासमोर येऊन, ओठ उघडून उघडून विचारलं, "मंग लाइट कोण करन, मुखरूभाऊ?" मी म्हणालो, "मीच करतो न. मंग कोण करते?" त्यांनी मान हलवली आणि स्वयंपाक्याला ओरडायला निघून गेले. माझं अर्धं भाषण पोटातच राहिलं.

नायिकेला माझी चूक झाली म्हणून सांगितलं. ती भली पोरगी आहे. आता जे बोलते ते माझ्या कानाशी येऊन इतक्या जोरात बोलते की गावात चहा कोणाला पाहिजे हे सगळ्यांना कळतं. मला मात्र तिचा हात कपाकडे गेला म्हणून कळतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी नुसता लाइट केला. एकही संवाद मला नीट ऐकू आला नाही. मुलगी सासरहून परत येते तो प्रवेश होता. मी तिच्या पायांकडे पाहत होतो आणि समोर बसलेल्या बायकांकडे पाहत होतो. बायकांचे पदर डोळ्यांकडे गेले तेव्हा मी मागचा उजेड हळूहळू उतरवला आणि तिच्या तोंडावर एकच दिवा ठेवला. तो कुठे ठेवायचा हे मला कोणी पाठीला बोट लावून सांगितलं नाही. अंक संपल्यावर पत्रू येऊन पाया पडला. त्याला म्हटलं, आधी तुझा माईक पाहा.

परवा तुझा फोन आला. मी त्या वेळी समोरच्या खोलीतच होतो, अंघोळीला गेलो नव्हतो. तुझ्या आईनं फोन घेतला, ऐकलं, आणि माझ्याकडे पाहून हसली. मग तिनं फोन ठेवायचं सोडून तो छातीशी धरला. तुझं काम झालं हे मला तेव्हाच कळलं. बुकिंगला बसलेल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या, कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नसताना.

तू घरी येऊ नकोस असं मला एक दिवसही वाटलं नव्हतं. तू माझ्याकडे कशी पाहशील याची भीती वाटली, म्हणून तुला लांब ठेवायला निघालो होतो. तू मागच्या खोलीत बसून काम करशील, दार लावून घेशील, संध्याकाळी बाहेर येऊन भात कमी आहे म्हणून कुरकुरशील, हे मला पाहिजे आहे. फार पाहिजे आहे. लोकांना परत पाठवायचं काम मी घेतलं. त्यांचं म्हणणं मला ऐकू येणार नाही, त्यामुळे मी ते उत्तम करीन.

गाडीची तारीख कळव. मी स्टेशनवर येईन, पत्रूही येतो म्हणतो.

एकच सांगून ठेवतो. घरी आलीस की मला मागून हाक मारू नकोस. मी वळणार नाही आणि तुला वाटेल बाबा रागावले. समोर ये, उजेडात उभी राहा आणि हळू बोल. तुझं तोंड पाहिलं की अर्धं मला कळतं. उरलेलं मला दुसऱ्यांदा सांग.

तुझा,
बाबा